मॅरेज अँड फॅमिली थेरपीत मास्टर्स करायचंय, कोर्स निवडायचा कशावरून?

रातराणी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी कोथरूडची, सायकॉलॉजीत एमए केलंय, सध्या पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळेत काउन्सेलर आहे. मुलं येतात ती 'अभ्यासात लक्ष नाही', 'फार चिडचिड करतो' म्हणून, आणि जरा बोलतं केलं की कळतं मुलाला काही झालेलंच नाहीये, आईबाबा एकमेकांशी त्याच्यामार्फत बोलतायत. "पप्पांना सांग जेवण वाढलंय." "मम्मीला सांग भूक नाही." आणि हे पोरगं आठ वर्षांचं, हॉल ते किचन निरोप पोचवतंय. अशा घराला समोर बसवून नक्की करायचं काय हे मला कोणी शिकवलेलं नाही, एमएला फॅमिली थेरपी म्हणजे एका पेपरातला एक टॉपिक होता, परीक्षेला ऑप्शनला टाकता यायचा.

म्हणून याच विषयात नीट शिकायचंय. डोक्यात सध्या इतकं आहे: १) अमेरिकेत एमएफटी, म्हणजे मॅरेज अँड फॅमिली थेरपीची डिग्री, दोन-अडीच वर्षं. २) तिथलीच एखादी ऑनलाइन डिग्री, इथे नोकरी करत करत. ३) भारतातच काहीतरी, पण या नावाची डिग्री शोधायला गेलं तर हाताला फार काही लागत नाही. ४) वीकेंडची सर्टिफिकेट्स, ज्यांच्या जाहिराती मला इन्स्टावर रोज दिसतात.

अमेरिकेत यादी काढली तर शेकड्याने कोर्सेस आहेत आणि सगळ्यांच्या वेबसाइटवर तेच तीन हसरे चेहरे. रँकिंग बघायचं का? फी? शहर? कोणी या वाटेने गेलंय का?

(आईचं म्हणणं, आधी स्वतःचं लग्न कर मग लोकांची सांभाळ. तो मुद्दा या धाग्यात नको, प्लीज.)

चहाटळ

"पप्पांना सांग जेवण वाढलंय" - ताई, आमच्या घरात कॅमेरा लावलाय का तुम्ही?

खुर्ची टाकून बसलोय.

मनमौजी

वाचतोय. बायकोला लिंक पाठवली, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही. मुलाला विचारायला पाठवतो.

संशयात्मा

प्रामाणिक प्रश्न, राग मानू नका. हे सगळं शास्त्र अमेरिकन नवराबायको आणि त्यांची दोन मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. आपल्याकडे एका भांडणात नवराबायको, सासूसासरे, नणंद, माहेरची मावशी आणि फ्लॅटच्या लोनवर को-अॅप्लिकंट असलेला दीर, एवढी माणसं असतात. तिकडे जाऊन पाऊण कोटी घालवून 'बाउंडरीज सेट करा' शिकून येणार आणि इथे येऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात तेच सांगणार. चालेल का ते?

चहाटळ

वाडे राहिलेत कुठे हो, सगळे रिडेव्हलपमेंटला गेले. आता सासूसासरे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटात.

फिलीकर

रातराणी, मी या क्षेत्रात आहे, पेनसिल्वेनियात, शाळा-कॉलेज सगळं पुण्यात झालं. जरा मोठं लिहितो.

पहिली गोष्ट, रँकिंग बाजूला ठेव. या विषयात रँकिंगला फारसं कोणी विचारत नाही. अमेरिकेत हा लायसन्सचा धंदा आहे आणि लायसन्स देतं ते राज्य, युनिव्हर्सिटी नाही. पन्नासही राज्यांत एमएफटीचं लायसन्स आहे पण प्रत्येकाचे नियम वेगळे, किती तास, कुठले विषय, कुठली परीक्षा, सगळंच वेगळं. त्यामुळे प्रश्न 'कुठला कोर्स चांगला' असा सुरू करायचा नाही, 'मी प्रॅक्टिस कुठे करणार' इथून सुरू करायचा आणि मग मागे यायचं.

दुसरी, मान्यता. या विषयाची स्वतंत्र मान्यता देणारी संस्था म्हणजे सीओएएमएफटीई. ही ज्या एएएमएफटी नावाच्या फॅमिली थेरपिस्टांच्या संघटनेतून आली ती १९४२ पासून आहे. या मान्यतेचा कोर्स केला असेल तर बऱ्याच राज्यांची बोर्डं फार प्रश्न विचारत नाहीत, नसेल तर मार्कशीट घेऊन एकेक विषय ताडून बघतात आणि मग 'हा एक विषय कमी आहे, करून या' असं पत्र येतं. सिरॅक्यूज, ड्रेक्सेल, नॉर्थवेस्टर्नच्या फॅमिली इन्स्टिट्यूटचा, असे नावाजलेले कोर्स या यादीत सापडतील, पण कमी नाव असलेल्या सरकारी युनिव्हर्सिटीजही आहेत आणि फीचा फरक डोळे पांढरे करणारा आहे.

तिसरी, आणि ही कोणी सांगत नाही. या मान्यतेच्या प्रत्येक कोर्सला स्वतःच्या वेबसाइटवर एक तक्ता लावावाच लागतो. किती जण आले, किती जणांनी ठरल्या वेळेत पूर्ण केलं, लायसन्सच्या परीक्षेत किती पास झाले, किती जणांना काम मिळालं. 'ग्रॅज्युएट अचीव्हमेंट डेटा' असं नाव असतं, बहुतेक पानाच्या तळाशी गाडून ठेवलेला असतो. तिथे आधी जा, हसऱ्या चेहऱ्यांकडे नंतर.

संशयात्मा, तुमच्यासाठी वेगळं लिहितो, जेवून येतो.

हिशोबनीस

फिलीकर यांनी छान लिहिलंय, पण माझा रोकडा प्रश्न. दोन वर्षांची फी, राहणं, इन्शुरन्स धरून पन्नास लाखांच्या पुढे सहज जातं, प्रायव्हेट असेल तर त्याच्याही वर. शिकून झाल्यावर व्हिसाचं काय? इंजिनिअर पोरांना तीन वर्षं मिळतात, हिला किती?

बे_एरियातली_बाई

हिशोबनीस, नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची मुभा, १२ महिने. इंजिनिअर पोरांना वरचे २४ महिने मिळतात ते स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीतल्या विषयांना, एमएफटी त्या यादीत बसत नाही. आता कॅलिफोर्नियाचं उदाहरण घे. इथे लायसन्सला ३००० तास सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीत काम, किमान १०४ आठवड्यांत पसरलेलं, आणि दोन परीक्षा. त्यातले डिग्री पूर्ण व्हायच्या आधीचे जास्तीत जास्त १३०० धरतात, म्हणजे १७०० तरी डिग्रीनंतर हवेतच. आठवड्याला ४० च्या वर मोजत नाहीत. कागदावर गणित बसतं, वर्षभरात १७०० म्हणजे आठवड्याला तेहेतीसच्या आसपास. पण ते कधी, तर पहिल्या दिवसापासून नोकरी हातात असेल, क्लायंट वेळेवर येतील, सुपरव्हायझर सोडून जाणार नाही तर. मी ज्या एजन्सीत होते तिथे माझी सुपरव्हायझरच मधेच दुसरीकडे गेली आणि नवीन येईपर्यंत आम्ही सगळे असोसिएट, म्हणजे डिग्री झालेले पण लायसन्स न मिळालेले, हातावर हात ठेवून. माझं लग्नामुळे ग्रीनकार्ड होतं म्हणून मला फरक पडला नाही, बरोबरच्या चिनी मुलीला पडला.

आणि डिग्री झाल्यावर ९० दिवसांच्या आत असोसिएट म्हणून नोंदणीचा अर्ज टाकायचा, तरच नोंदणी हातात येईपर्यंतच्या मधल्या काळातले तास धरतात. त्यालाही अटी आहेत. हे कॅलिफोर्नियाचं, बाकीच्यांचं त्यांना विचार.

अजून एक. कॅलिफोर्नियात फिलीकर म्हणतात त्या मान्यतेची सक्ती नाही, इथलं बोर्ड आपल्या अभ्यासक्रमाच्या अटी पाळल्या की मानतं. त्यामुळे इथले बरेच कोर्स त्या यादीत नसतात आणि तरी इथे उत्तम चालतात. पण उद्या टेक्सासला जायची वेळ आली की मग धावपळ.

रातराणी

बापरे. म्हणजे शिकून लगेच परत आले तर लायसन्स नाहीच मिळणार?

बे_एरियातली_बाई

डिग्री मिळेल. लायसन्स नाही. आणि ते मिळालं तरी भारतात त्याला कोणी विचारणार नाही, तुझ्या कामाला विचारतील.

संशयात्मा

मी काय म्हणत होतो.

चहाटळ

फिलीकर जेवून आले का? की घरी निरोप्या नाही?

फिलीकर

आलो. :) संशयात्मा, तुमचा मुद्दा अर्धा खरा आहे. मी शिकायला आलो तेव्हा पहिल्याच सेमिस्टरला स्वतःच्या घराचा जेनोग्राम काढायला लावला, तीन पिढ्यांचा नकाशा असतो, कोण कोणाशी बोलतं, कोणात तेढ, कोण कोणाच्या फार जवळ. मी काढला. आजी, आत्या, दोन काका, सगळे नारायण पेठेतल्या तीन खोल्यांत. मास्तरीणबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, किती एकमेकांत गुंतलेलं कुटुंब आहे हे. मी म्हटलं बाई, गुंतलेलं नाही, भाडं परवडत नव्हतं.

पण पुढचं ऐका. फॅमिली थेरपीतला मोठा माणूस साल्वादोर मिनुचिन, जन्म अर्जेंटिनातला, १९२१ चा. त्याचं नाव झालं ते न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात गरीब घरांबरोबर काम करून, त्या घरांत आजी, मावशी, शेजारीण सगळ्याच मुलं वाढवायच्या. त्याचं म्हणणं, किती माणसं आहेत याने बिघडत नाही, कोण कोणाच्या वरचढ बसलंय आणि ते ठरलंय का, हे बघा. जेवत नाही अशा मुलीच्या केसमधे तो आख्ख्या कुटुंबाला ऑफिसात जेवायला बसवायचा आणि समोर काय होतं ते बघायचा. हे आपल्या घराला लागू नाही असं म्हणायला तुमच्याकडे काय आधार आहे?

म्हणून रातराणी, कोर्सवाल्यांना विचार की सेशन कोण बघतं? काचेमागून किंवा व्हिडिओवर सुपरव्हायझर प्रत्यक्ष बघतात, की नुसतं तू येऊन सांगतेस तेच ऐकतात? आपण येऊन सांगतो त्यात आपलीच बाजू असते. दुसरं, मान्यतेत आता नुसते तास मोजत नाहीत, त्यातले जोडप्याबरोबर किंवा कुटुंबाबरोबर बसलेले किती ते वेगळे मोजतात. काही ठिकाणी प्रॅक्टिकमला, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाला, सगळे एकेकटे क्लायंट देतात आणि मग हे तास भरता भरता शेवटच्या सेमिस्टरला घाम फुटतो.

संशयात्मा

भाडं परवडत नव्हतं हे आवडलं. :) बाकीचं वाचून विचार करतो.

माई_शनिवारपेठ

मुलांनो, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. भांडण झालं की थोरली जाऊ मधे पडायची.

करवंद

माई, ती थोरली जाऊ कोणाची बाजू घ्यायची?

माई_शनिवारपेठ

ज्याच्याकडे किल्ल्या असतील त्याची.

चहाटळ

माईंना एकदम मानद डॉक्टरेट.

करवंद

रातराणी, मी कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कमधलं मास्टर्स केलं, तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तू सायकॉलॉजीवाली म्हणून तुझ्या यादीत ही वाट आलीच नाही, पण आपल्याकडे कुटुंबाबरोबरचं काम मोठ्या प्रमाणात सोशल वर्कवाल्यांनीच केलंय. पोलीस ठाण्यातलं महिला समुपदेशन, कोर्टातलं, हॉस्पिटलातलं. टिसने (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मुंबई पोलिसांबरोबर हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी विशेष कक्ष सुरू केला तो १९८४ साली, तेव्हा कपल थेरपी हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता.

मी अशा एका केंद्रात काही वर्षं होते. तिथे एक गोष्ट हाडात मुरते ती सांगते. जोडपं आलं की आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं. एकदा एक बाई नवऱ्याबरोबर आली, सगळं गोड. "नाही हो, काही नाही, थोडी कुरबुर." तो बोलत होता, ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती. पाणी प्यायला बाहेर नेलं तर तिथे म्हणाली, ताई आज जे बोलेन त्याचा हिशोब घरी गेल्यावर होतो. मारहाण असेल तिथे दोघांना समोरासमोर बसवून 'मनातलं बोला' म्हणणं म्हणजे तिला जास्त मार खायला लावणं. तू ज्या कोर्सला जाशील तिथे हे कधी शिकवतात, कसं शिकवतात, हे विचार. ज्यांना प्रश्नच कळला नाही त्यांच्याकडे जाऊ नकोस.

फीचं म्हणशील तर अमेरिकेच्या फीशी तुलनाच नको. पण खरं सांगायचं तर एमएसडब्ल्यूत थेरपीचं तंत्र कमी, फील्डवर्क खूप. तुला तंत्र हवंय असं वाटतंय.

सनदी_पुणेकर

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा, त्यात समुपदेशकाची तरतूद कलम ६ मधे आहे आणि तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे, कलम ९. आमच्याकडे विवाह समुपदेशक नेमतात ते करवंद म्हणतायत तसे एमएसडब्ल्यू झालेले आणि कुटुंब समुपदेशनाचा अनुभव असलेले. तिथे अमेरिकन एमएफटी घेऊन गेलात तर फॉर्ममधे टिक करायला चौकोनच नसेल. सरकारी जागेत जायचं असेल तर हे आधी बघा.

अवांतर: लोकांना वाटतं समुपदेशकाला सांगितलेलं उद्या कोर्टात वापरतील. तसं नसतं, समुपदेशकाजवळचं बोलणं गोपनीय असतं.

मनमौजी

अवांतराला अवांतर: ते सहा महिने थांबावंच लागतं का?

सनदी_पुणेकर

परस्पर संमतीच्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्यात १३-बी खाली सहा महिन्यांचा थांबा आहे, २०१७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की योग्य केसमधे कोर्ट तो माफ करू शकतं. मनमौजी, ब्लू टिकवरून एवढ्या लांब जाऊ नका.

मनमौजी

मित्रासाठी विचारलं हो!!

चहाटळ

मित्राचं नाव मनमौजी का?

वॉर्डातला

सायकिअॅट्रिक सोशल वर्कर आहे. करवंद यांना अनुमोदन आणि एक पुरवणी.

संशयात्मा म्हणतात हे शास्त्र तिकडचं, पण कुटुंबाला बरोबर घेण्यात आपण तसे जुने आहोत. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना पेशंटबरोबर आवारात तंबूत राहू दिलं होतं. वेल्लोरच्या हॉस्पिटलातही नातेवाइकाला बरोबर ठेवायची पद्धत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत फॅमिली सायकिअॅट्रीचं वेगळं केंद्र आहे, कुटुंब भरती होतं, पेशंट एकटा नाही. तिथे काम बघितलेल्या माणसाला 'ही गोष्ट अमेरिकेतच शिकता येते' असं वाटत नाही.

अडचण कोर्सची आहे. या कामाचं खरं शिक्षण एम.फिल.मधे मिळायचं, क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा सायकिअॅट्रिक सोशल वर्क. पुण्यात ससूनच्या आवारातली महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ, बाहेर निम्हान्स. यूजीसीने एम.फिल.च बंद केली, या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली होती. आता त्याच्या जागी नवीन रचना येतेय, तेव्हा जुन्या ब्लॉगवरची माहिती वाचून प्लॅन करू नका, त्या त्या संस्थेचं चालू वर्षाचं माहितीपत्रकच बघा. आणि एक लक्षात ठेवा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी लागते. काउन्सेलर, थेरपिस्ट या शब्दांना आजवर कुंपण नव्हतं. २०२१ चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा आलाय, त्यात बिहेवियरल हेल्थच्या गटात सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर मंडळी घातलीयत, म्हणजे आज ना उद्या रजिस्टर आलंच.

हिशोबनीस

यावरूनच यूजीसीने सायकॉलॉजीचे डिस्टन्स आणि ऑनलाइन कोर्स बंद केले ना?

वॉर्डातला

हो, २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून नवीन प्रवेश नाहीत, त्या कायद्यात येणारे विषय म्हणून. भारतीय विद्यापीठांबद्दल आहे हे. पण परदेशी ऑनलाइन डिग्री घेऊन उद्या रजिस्टरला उभं राहायचं असेल तर वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दिसतंयच. रातराणी, तुझा पर्याय २ मला म्हणून पटत नाही.

फिलीकर

पर्याय २ मला दुसऱ्याच कारणाने पटत नाही. ऑनलाइन एमएफटीत प्रॅक्टिकम प्रत्यक्षच करायचं असतं आणि त्याला त्यांच्या अटीत बसणारा सुपरव्हायझर लागतो. पुण्यात तो कुठून आणणार? 'जागा तुमची तुम्ही शोधा' असं ते बारीक अक्षरात लिहितात. आणि 'ऑनलाइन सुरू करते, मग तिकडे जाते' असंही नाही जमत, स्टुडंट व्हिसावर प्रत्येक सेमिस्टरला एकच ऑनलाइन विषय मोजतात. हायब्रिड लिहिलेलं असेल तर आय-ट्वेंटी, म्हणजे स्टुडंट व्हिसाला लागणारा युनिव्हर्सिटीचा कागद देता का, हा पहिला प्रश्न.

औंधची_अनामिका

वेगळा आयडी काढून लिहितेय. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. आम्ही नवराबायको कपल थेरपीला गेलो होतो, एकदा नाही, दोन ठिकाणी.

पहिल्या बाईंच्या भिंतीवर सर्टिफिकेटंच सर्टिफिकेटं. रातराणीच्या पर्याय ४ मधली असावीत, सगळी दोन दिवस, तीन दिवसांची. पहिल्याच भेटीत आम्हाला 'पाच सवयी' असा कागद दिला, रोज एकमेकांचं कौतुक करा वगैरे. आम्ही प्रामाणिकपणे केलं. नवरा रात्री साडेदहाला फोनमधे बघून म्हणायचा "तू आज भाजी छान केलीस" आणि मी म्हणायचे "आज स्वयंपाकवाल्या मावशींनी केलीय." आणि परत भांडण.

दुसरे जे होते ते बोललेच कमी. प्रश्न नवऱ्याला विचारला, उत्तर मी दिलं. परत त्याला विचारला, परत मीच. तिसऱ्यांदा त्यांनी नुसता हात वर केला माझ्याकडे, थांबा असा, आणि शांत बसून राहिले. एवढा वेळ गेला की मला बाहेरच्या लिफ्टचा आवाज ऐकू येत होता. आणि मग तो बोलला. चार वाक्यं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती मी ऐकली नव्हती. पुढे सासूबाईंनाही एकदा बोलावलं, आणि त्या आल्या, चक्क रिक्षा करून एकट्या आल्या.

त्यांची डिग्री कुठली ते मी कधी विचारलं नाही. पण ते बोलता बोलता म्हणाले होते की अजूनही महिन्यातून एकदा ते त्यांच्या केसेस दुसऱ्या सीनियर थेरपिस्टपुढे मांडतात. मला तेव्हा वाटलं, एवढे पिकलेले केस आणि अजून शिकवणी?

करवंद

अनामिका, हा धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

संशयात्मा

सहमत. आणि मी माझं पहिलं वाक्य थोडं बदलतो. शास्त्र कुठलं यापेक्षा शिकवणारा बाजूला बसून बघतो का, यावर अवलंबून दिसतंय. पण पाऊण कोटीचा मुद्दा सोडत नाही.

टिळकरोड_टू_टोरांटो

कोणी कॅनडा कसं नाही म्हटलं? ग्वेल्फ युनिव्हर्सिटीचा फॅमिली थेरपीचा मास्टर्स जुना आणि नावाजलेला आहे, जागा अगदी मोजक्या. मास्टर्सनंतर वर्क परमिट तीन वर्षांचा मिळू शकतो, म्हणजे तासांची ती घाई नाही. ओंटारियोत रजिस्टर्ड सायकोथेरपिस्ट अशी नोंदणी असते, एमएफटी असं वेगळं लायसन्स नाही. थंडीचं मात्र विचारू नका.

चहाटळ

थंडीचं विचारतो. किती?

टिळकरोड_टू_टोरांटो

नाकातलं पाणी मिशीवर गोठतं इतकी. रातराणीला मिशीचा प्रश्न नाही.

प्रबोधक

मधेच एक. रातराणी, इतकी मोठी उडी घ्यायच्या आधी इथे वर्षभर कुठल्यातरी अनुभवी माणसाच्या हाताखाली काम का नाही करत? ज्ञानप्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था आहे, आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ठाण्याबरोबर पुण्यातही आहे, अशा ठिकाणी चौकशी कर. काहीतरी समजेल की हे काम झेपतं का. समोर दोन माणसं एकमेकांवर ओरडत असताना शांत बसणं सगळ्यांना जमत नाही. मला नाही जमलं, मी करिअर गायडन्सकडे वळलो. तिथे फक्त वडील ओरडतात.

रातराणी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन दिवस ऑफलाइन होते, शाळेत पालकसभा.

काय केलं ते सांगते. ऑनलाइन पर्याय काढून टाकला. वीकेंडची सर्टिफिकेट्सही, निदान मुख्य शिक्षण म्हणून तरी. फिलीकरदादांनी सांगितलेला तक्ता शोधला, खरंच पानाच्या तळाशी होता. दोन कोर्सचे आकडे बघून मी यादीतून नावं खोडली, त्यातला एक माझा लाडका होता, कॅम्पस फार सुंदर. बाकीच्यांना मेल टाकली: सेशन प्रत्यक्ष कोण बघतं, प्रॅक्टिकमची जागा तुम्ही देता की आम्ही शोधायची, कुटुंबाबरोबरचे तास सरासरी विद्यार्थ्याचे कधी पूर्ण होतात, गेल्या काही वर्षांतल्या परदेशी विद्यार्थ्यांचं डिग्रीनंतर काय झालं, आणि करवंदताईंचा मारहाणीबद्दलचा प्रश्न. एका ठिकाणाहून प्रोफेसरनी स्वतः मोठं उत्तर पाठवलंय. दुसरीकडून ब्रोशर आलं. परत तेच ब्रोशर.

माझं मत हळूहळू असं होतंय की मला राहायचं पुण्यातच आहे. मग तिकडच्या लायसन्सच्या मागे धावण्यात अर्थ नाही, जायचंच असेल तर शिकवणाऱ्यासाठी जायचं आणि तेही असिस्टंटशिप मिळाली तर. नाहीतर इथे प्रबोधक म्हणतात तसं. करवंदताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

हिशोबनीस

असिस्टंटशिपमधे फी माफ होते का नुसता स्टायपेंड, लेखी घे. तोंडी 'बहुतेक मिळते' म्हणतात.

बे_एरियातली_बाई

आणि प्रोफेसरनी उत्तर दिलंय तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलायला माग. कोर्सने निवडून दिलेल्यांशी बोलच, पण लिंक्डइनवरून स्वतः शोधलेल्या एकाशी तरी बोल. सुपरव्हिजनच्या गटात किती जण असतात ते विचार. आठ जणांत तुझ्या केसला महिन्यातून एकदा नंबर लागेल.

करवंद

रातराणी, व्यनि बघितला, शनिवारी ये. आणि शाळेतल्या त्या मुलाच्या आईबाबांना बोलवायचं असेल तर डिग्रीची वाट बघू नकोस. आधी दोघांना वेगवेगळं भेट, मारहाण-धमकी काही नाही ना याची खात्री कर. मग दोघांना एकत्र बोलव, मुलाला बाहेर खेळू दे, आणि फक्त एवढंच सांग की आठवडाभर जेवणाचा निरोप स्वतः द्यायचा. पुढचं मला येऊन सांग, सेशनचे टिपण घेऊन ये. मुलाचं आणि घराचं नाव लिहू नकोस त्यावर.

माई_शनिवारपेठ

भाजी गार होते ना निरोपात.

मनमौजी

बायकोचं उत्तर आलं. "वाचलं. शनिवारी करवंदताईंकडे आपण पण जाऊया का?"

आता काय करू?

सनदी_पुणेकर

जा.

करवंद

मनमौजी, माझ्याकडे नको, मी हल्ली ट्रेनिंगचं काम करते. दोन नावं व्यनि करते. पहिल्या भेटीत त्यांना निवांत विचारा की जोडप्यांबरोबर काम करायला कुठे शिकलात आणि सध्या तुमचं सुपरव्हिजन कोणाकडे असतं. जे चांगले असतात त्यांना या प्रश्नाचा राग येत नाही.